११८ गाड्या आणि एक बादली

रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. यार्डातल्या एकुलत्या एका ट्यूबलाइटखाली मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून उभी होते. समोर कंत्राटदाराचा एक विशीतला मुलगा पांढऱ्या बोलेरोच्या बॉनेटवर पिवळा फडका फिरवत होता. फडका बादलीत बुचकळायचा, पिळायचा, फिरवायचा, पुन्हा त्याच बादलीत. पाण्याचा रंग चहासारखा झाला होता. मी बॉनेटवर बोट टेकवलं, तर दिवसभराची बारीक रेती तिथेच होती, फक्त ओली झालेली. तीच तो रंगावर घासत होता. अकरा मिनिटांत गाडी उरकली. त्या बादलीतली ती चौथी गाडी.

‘पाणी का नाही रे बदललंस?’

‘मॅडम, नळाचं पाणी नऊ वाजताच गेलं. आणि गाड्या चव्वेचाळीस आहेत. आम्ही दोघंच आहोत.’

त्याच्यावर ओरडायला म्हणून मी तिथे गेले होते. ते उत्तर ऐकल्यावर ओरडायचं कोणावर, हेच कळेना. घरी जाताना टॅक्सीत हिशेब मांडला. रात्री नऊ ते पहाटे पाच म्हणजे ४८० मिनिटं. जेवण आणि पाणी भरणं यात एक तास गेला, राहिली ४२०. एकाच्या वाट्याला बावीस गाड्या, म्हणजे एका गाडीला १९ मिनिटं. त्यात बाहेरून धुणं, आतून झाडणं, काचा पुसणं, पायपुसण्या झटकणं हे सगळं. आमच्या करारात हे सगळं लिहिलेलं होतं, आणि तेही ‘दररोज’. करार मीच लिहिला होता.

मी शहरासाठी काम करणाऱ्या एका सार्वजनिक संस्थेच्या वाहन विभागात दुय्यम अभियंता आहे. यांत्रिकी शाखेची. आमच्याकडे तेव्हा लहान-मोठ्या ११८ गाड्या होत्या. अधिकाऱ्यांच्या मोटारी, पाहणीच्या जीपा, रुग्णवाहिका, दोन शववाहिन्या आणि थोड्या विजेवरच्या गाड्या, अशा सगळ्या मिळून. त्या दहिसरपासून कुलाब्यापर्यंत सात यार्डांत उभ्या असतात. पूर्वी प्रत्येक यार्डाला क्लीनर होते. ते निवृत्त होत गेले, जागा भरल्या गेल्या नाहीत. मग धुणं ड्रायव्हरांवर आलं. ज्याला गाडीची माया तो धूत असे, बाकीच्या गाड्या पावसाची वाट बघत. मुख्य गॅरेजात वॉशिंग रॅम्प आहे, पण दहिसरची गाडी धुवायला तिथे आणायची म्हणजे जाऊन-येऊन पन्नास-साठ किलोमीटर, डिझेल आणि ड्रायव्हरचा अर्धा दिवस. म्हणून धुणाऱ्यानंच गाडीपाशी यावं, फिरत्या सेवेचं कंत्राट काढावं, असं ठरलं आणि नस्ती माझ्या टेबलावर आली.

पहिल्या वेळी मी जे केलं ते इथे सरळ सांगते, कारण अजूनही अनेक कार्यालयांत हेच होतं. जुन्या साफसफाईच्या निविदेचा मसुदा काढला, ‘इमारत’ होतं तिथे ‘वाहन’ घातलं आणि दर महिन्याला दर गाडीमागे ठोक रक्कम असा दर मागवला. अंदाज तिघांकडून कोटेशन घेऊन सरासरीनं बांधला. लघुत्तम दर अंदाजापेक्षा ३१ टक्के खाली आला. वरिष्ठ म्हणाले, ‘बचत झाली.’ मलाही तेव्हा तसंच वाटलं. सप्टेंबर २०२३ मध्ये कार्यादेश दिला.

महिनाभरात गाड्यांच्या रंगावर गोल गोल जाळी दिसू लागली. ट्यूबलाइट किंवा ऊन तिरपं पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे चमकायचे. गाडीच्या रंगावर पारदर्शक थर असतो, तो साधारण ४० मायक्रॉनचा, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. चकाकी त्याच थराची आणि त्याखालच्या रंगाला ऊन-पावसापासून आडोसाही त्याचाच. रेतीसकट फडका रोज फिरवला की तो रोज खरवडला जातो. म्हणजे आम्ही पैसे देऊन गाड्या जुन्या करून घेत होतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. नळ गेला की मुलं जवळच्या रिंगवेलचं पाणी आणत. समुद्राजवळच्या विहिरीचं पाणी मचूळ असतं. मी क्षार मोजायचा खिशातला मीटर घेऊन गेले तर आकडा लिटरला चौदाशे मिलिग्रॅमच्या वर. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चालतं. काळ्या मोटारींच्या काचांवर पांढरे ठिपके उमटले होते. ते जाईनात म्हणून कोणीतरी संडास साफ करायचं अॅसिड पाण्यात टाकून काचेवर मारलं. ते ओघळून दाराच्या रबरावर आणि क्रोमच्या पट्टीवर गेलं. पट्टी काळवंडली ती कायमची.

तिसरी गोष्ट सह्यांची. रोजच्या धुण्याची ड्रायव्हरनं सही करायची, असा तक्ता होता. ऑक्टोबरचं देयक आलं, सव्वीस दिवसांच्या सव्वीस सह्या, एकाच पेनाच्या, एकाच उताराच्या. ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, ‘मॅडम, मुलगा गरीब आहे, महिन्याच्या शेवटी एकदम घेतो सह्या. नाही म्हटलं तर त्याचा पगार कापतात.’ हे खरं होतं. दंड आम्ही कंत्राटदाराला लावायचो, तो थेट त्या मुलाच्या पगारातून वळता व्हायचा. त्या मुलांना किमान वेतन मिळत नव्हतं, भविष्य निर्वाह निधी कागदावर होता, आणि हे पाहायची जबाबदारी मुख्य नियोक्ता म्हणून आमचीही होती.

नोटिसा झाल्या, सुनावणी झाली, जानेवारीत कंत्राट रद्द झालं, अनामत जप्त झाली. पण माझ्या मनातून ती १९ मिनिटं जाईनात. कंत्राटदारानं लबाडी केली, हे खरंच. मात्र प्रामाणिक माणसालाही त्या दरात आणि त्या वेळात ते काम करता आलं नसतं. आमच्या अंदाजपत्रकात पाणी किती लागेल हे नव्हतं, माणसाची मिनिटं किती लागतील हेही नव्हतं. नुसतं ‘स्वच्छ’ एवढंच लिहिलं होतं.

१६ मार्च २०२४ ला लोकसभेची आचारसंहिता लागली. नवी निविदा काढता येणार नव्हती, निम्म्या गाड्या निवडणुकीच्या कामाला गेल्या. मला त्यामुळे अडीच महिने मिळाले आणि मी ते मोजमापात घालवले.

आधी पाणी. यार्डातल्या नळाला पाइप लावून वीस लिटरचा कॅन भरायला किती वेळ लागतो ते पाहिलं. मिनिटाला १२ लिटर निघाले. आमचे मुकादम नेहमीच्या पद्धतीनं जीप धुवायला बसले, पाइप खाली ठेवला तरी चालूच. पंधरा मिनिटं, १८० लिटर. ११८ गाड्या रोज अशा धुवायच्या म्हणजे एकवीस हजार लिटर, दहा हजारी टँकर दोन. तेही पिण्याचं पाणी, सात तलावांतून इतक्या लांबून आणलेलं. नंतर त्याच जातीची जीप प्रेशर मशीननं धुतली. मशीन मिनिटाला सात लिटर ओढतं, पण ट्रिगर दाबला तेवढंच. आधी फेस, तो मुरायला चार मिनिटं, मग प्रेशर, मग दोन बादल्यांनी हात फिरवणं, पुन्हा प्रेशर. सगळं मिळून पन्नास लिटरच्या आत. आणि मोटार नुसती धुळकट असेल, चिखल नसेल, तर खळबळून न काढावं लागणारं द्रावण दहा लिटरच्या एका बादलीत घालून जाड मायक्रोफायबरच्या फडक्यानं अख्खी गाडी होते. अट एकच, मळलेली घडी पुन्हा पाण्यात बुडवायची नाही, फडका उलटायचा नाहीतर नवा घ्यायचा. एका गाडीला सहा-सात फडके लागतात.

हे मला लिंक रोडवरच्या एका डिटेलिंगवाल्यानं, म्हणजे गाड्या बारकाईनं साफ करून चकाकी आणून देणाऱ्यानं, शिकवलं. त्याच्या दुकानात मी दोन शनिवार नुसती बसून होते. दोन बादल्यांची पद्धत त्यानं हातात हात धरून दाखवली. एकीत शॅम्पू, दुसरीत साधं पाणी, दोन्हींच्या तळाला जाळी. धुवायचा हातमोजा आधी साध्या पाण्यात जाळीवर घासायचा, रेती खाली बसते, मग शॅम्पूत. शेवटी त्यानं साध्या पाण्याची बादली ओतून तळ दाखवला. मूठभर काळी रेती होती. ‘ताई, ही नाहीतर तुमच्या रंगावर फिरली असती,’ तो म्हणाला. त्या मूठभर रेतीचा फोटो मी नंतर टिपणीला जोडला, आणि पानभर मजकुरापेक्षा त्या फोटोनं काम लवकर झालं.

पॉलिशबद्दलही त्यानंच सावध केलं. कंपाउंड, म्हणजे घासायची पेस्ट, मारून ओरखडे काढणं म्हणजे तो वरचा थर थोडा थोडा तासणं. ‘दर महिन्याला पॉलिश’ असं कोणी दरपत्रकात दिलं तर ते गाडीच्या मुळावर येतं. म्हणून आमच्या कलमात कंपाउंड वर्षातून फार तर एकदा, तेही जिथे गरज तिथे. एरवी नुसतं सीलंट, म्हणजे रंगावरचा संरक्षक लेप.

मग सांडपाणी. मुंबईत पावसाच्या पाण्याच्या वाहिन्या वेगळ्या आणि मलनिःसारणाच्या वेगळ्या. मलवाहिनीतलं पाणी प्रक्रिया केंद्राकडे जातं. पर्जन्यवाहिनीतलं सरळ नाल्यात, खाडीत, समुद्रात. गाडी धुतलेल्या पाण्यात तेल असतं, ग्रीस असतं, ब्रेकची काळी भुकटी असते, शॅम्पू असतो. सार्वजनिक मलवाहिनीत सोडायच्या सांडपाण्यात तेल-ग्रीसची मर्यादा लिटरला २० मिलिग्रॅम आहे, नदी-नाल्यांसारख्या भूपृष्ठावरच्या पाण्याला १०. आमच्या सात यार्डांतली कुठली जाळी कुठे जाते, हे कोणाला सांगता येईना. नकाशे जुने, मध्ये दोनदा खोदाई झालेली.

मुकादम म्हणाले, ‘मॅडम, नीळ टाकून बघू.’ कपड्यांची साधी नीळ. एका रविवारी सकाळी आम्ही चौघं निघालो. एकजण यार्डातल्या जाळीत निळीची बादली ओतायचा, दुसरा मलवाहिनीच्या चेंबरचं झाकण उघडून बसायचा, तिसरा नाल्याच्या कठड्यावर. माहीमच्या बाजूच्या यार्डात मी नाल्यापाशी होते. सहा-सात मिनिटं काहीच नाही. मग काळ्या पाण्यात एका पाइपाच्या तोंडातून निळी रेघ बाहेर आली, लांबत गेली आणि खाडीकडे वळली. इतकी वर्षं आमचं गाड्या धुतलेलं सगळं पाणी याच वाटेनं गेलं होतं. सातपैकी चार यार्डांत हेच निघालं. त्या दिवशी परतताना आम्ही प्रत्येक झाकणावर रंगानं खूण केली. मलवाहिनीला निळा ठिपका, पावसाच्या जाळीला लाल फुली.

मेअखेर तलाव तळाला गेले. ३० मेपासून ५ टक्के आणि ५ जूनपासून १० टक्के पाणीकपात शहराला लागली. एरवी ज्या टिपणीवर तीन महिने चर्चा झाली असती, ती आठवड्यात मंजूर झाली. तरी एक वाद झालाच. काही अधिकाऱ्यांना गाडी रोज धुतलेली हवी होती. माझं म्हणणं, आठवड्यातून दोनदा नीट धुवा आणि रोज फक्त काचा, आरसे, दिवे आणि नंबरप्लेट पुसा. रोजचं ओलं फडकं रंग खातं, पाणीही खातं. एक वरिष्ठ म्हणाले, ‘लोक काय म्हणतील, मळकी गाडी घेऊन फिरतात.’ मी म्हटलं, ‘साहेब, १० टक्के कपात असताना रोज धुतलेली गाडी पाहून लोक जास्त बोलतील.’ ते थोडा वेळ गप्प राहिले आणि सही केली.

नव्या निविदेचा कणा म्हणजे दर विश्लेषण. फेसाच्या एका धुण्याला एका माणसाची ४५ मिनिटं धरली. म्हणजे एका पाळीत नऊ गाड्या. आठवड्याला २३६ धुणी, सहा रात्री, रात्रीला चाळीस. पाच माणसं लागतात, सुट्ट्या-आजारपण धरून सहा. त्यांचं किमान वेतन, त्यावर मालकाचा १२ टक्के भविष्य निर्वाह निधी, ३.२५ टक्के कर्मचारी राज्य विमा, मग पाणी, शॅम्पू, फडके, टेम्पोचं इंधन, यंत्राचा घसारा, १८ टक्के जीएसटी वेगळा. दर धुण्यामागे हा आकडा पहिल्या वेळच्या लघुत्तम दराच्या कितीतरी पट आला, पण धुण्यांची संख्या रोजऐवजी आठवड्याला दोन केल्यामुळे एकूण खर्च थोडाच वाढला. कलम घातलं की मजुरीच्या भागाखाली कोणी दर भरू शकत नाही, आणि फार खाली जाणाऱ्यानं तपशील द्यायचा व जादा अनामत भरायची. पैसे ठोक नाहीत, दर धुण्यामागे. पाणी कंत्राटदारानं आणायचं, क्षार ५०० च्या आत. गाडीखाली काठाची चटई अंथरायची, मळकं पाणी पंपानं टाकीत ओढायचं आणि गॅरेजच्या ऑइल ट्रॅपमध्ये, म्हणजे पाण्यातलं तेल अडवणाऱ्या टाकीत, किंवा निळ्या ठिपक्याच्या झाकणात गाळून सोडायचं.

निविदापूर्व बैठकीत मला वाटलं होतं, ओरखड्यांच्या भरपाईवर भांडण होईल. पहिला प्रश्न आला तो, ‘बिल किती दिवसांत मिळेल?’ नऊपैकी सातजणांनी तोच विचारला. एकजण म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही सहा महिन्यांनी पैसे देणार हे आम्ही दरात धरतोच. पगार तर मला दर महिन्याला करायचाय.’ सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे, असं २००६ चा कायदा सांगतो. लेखा खात्याशी मी यासाठी जेवढी भांडले, तेवढी कुठल्याच कलमासाठी भांडले नाही. अखेर देयकाची तपासणी सात दिवसांत आणि रक्कम तीस दिवसांत, असं लेखी मिळालं. यामुळे आलेले दर खाली आले, अशी माझी खात्री आहे.

आणखी एक गोष्ट केली. तांत्रिक पात्रतेसाठी प्रत्येकानं आमच्यासमोर एक मळकी जीप धुवून दाखवायची. जुलैतला दिवस, पाऊस थांबून थांबून पडत होता, पाच जीपा शेडखाली ओळीनं. चकचकीत बॉनेटकडे मी पाहिलंच नाही. पांढरा हातरुमाल घेऊन दाराच्या बिजागरीच्या खोबणीत, डिझेलच्या झाकणाखाली, सीटच्या रुळांत, मागच्या दाराच्या खालच्या कडेला आणि वायपरखालच्या जाळीत फिरवला. ती जाळी फार महत्त्वाची. मुंबईत गाड्या रेन ट्रीखाली उभ्या असतात, त्यांची बारीक पानं आणि उन्हाळ्यात सोनमोहराची पिवळी फुलं तिथे साचतात. पाण्याची वाट बुजते, मग पावसाळ्यात पाणी डॅशबोर्डमागून आत उतरतं, फ्यूजबॉक्सवर गळतं, पायपुसणीखाली बुरशी धरते. आमच्या गाड्यांत ‘वायरिंगचा बिघाड’ म्हणून नोंदलेल्या कितीतरी तक्रारी या पानांच्या होत्या. पाचांतल्या दोघांनी ती जाळी उघडून पानं काढली. कंत्राट त्या दोघांतल्या एकाला गेलं, त्याचा दर सगळ्या पात्र दरांत लघुत्तम निघाला म्हणून. हे नशीबच म्हणायचं.

सप्टेंबर २०२४ मध्ये काम सुरू झालं. तीनचाकी टेम्पोवर पाचशे लिटरची टाकी, पंप, व्हॅक्यूम, दोघांची जोडी, अशा तीन जोड्या. पहिल्याच आठवड्यात एका यार्डाशेजारच्या सोसायटीतून तक्रार आली. पेट्रोलवर चालणारा पंप रात्री अकराला सुरू झाला होता. रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि ते लोक बरोबरच होते. हे निविदेत लिहायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. कंत्राटदारानं महिन्याभरात बॅटरीवरचे पंप घेतले, तोवर त्या यार्डात संध्याकाळी सात ते दहा काम केलं.

त्याहून मोठं प्रकरण चाव्यांचं. रात्री गाडी आतून झाडायची तर चावी कोणाकडे? ड्रायव्हर चावी सोडायला तयार नाहीत. गाडीत त्यांचा संसार असतो. डबा, छत्री, औषधाच्या गोळ्या, डॅशबोर्डवरचा गणपती, सुटे पैसे. काही गेलं तर संशय आधी धुणाऱ्या मुलावर येणार, हे मुलांनाही ठाऊक होतं, म्हणून तीही आत हात घालायला भीत. शेवटी कुलपाची चावीपेटी, नोंदवही आणि एक नियम केला. सीटखाली जे सापडेल ते पारदर्शक पिशवीत घालून आरशाला अडकवायचं, टाचणीएवढंही असलं तरी. पहिल्या महिन्यात आरशांना काय काय लटकलं! टोलच्या पावत्या, नाणी, एका लहान मुलाचा बूट, सोन्याचं एक कर्णफूल. कर्णफूल एका ड्रायव्हरच्या बायकोचं होतं, गणपतीत गावाला जाताना पडलेलं. हरवल्याचं त्यांनी घरात सांगितलंसुद्धा नव्हतं. त्यानंतर चाव्यांचा प्रश्न आपोआप मिटला.

रुग्णवाहिकांच्या बाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही. रक्त, उलटी असेल तर आधी रुग्णवाहिकेच्या सहायकानंच १ टक्का हायपोक्लोराइटनं दहा मिनिटं निर्जंतुक करायचं, मळका कापूस-बोळे पिवळ्या पिशवीत टाकायचे आणि दारावर तशी चिठ्ठी लावायची. चिठ्ठी नसेल तर धुणाऱ्यानं आत पाय ठेवायचा नाही. सहाही मुलांना कावीळ ब ची लस कंत्राटदारानं द्यायची, हे कलम आहे. आणि रुग्णवाहिकेच्या टेम्पोत अॅसिडची बाटली दिसली की त्या रात्रीचं काम बंद. हायपोक्लोराइटवर अॅसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद गाडीत वाकून काम करणाऱ्या पोराच्या छातीत तो थेट जातो. ही गोष्ट मी प्रत्येक जोडीला स्वतः समजावली. विजेवरच्या गाड्यांच्या चार्जिंगच्या तोंडावर आणि बॉनेटच्या आत प्रेशर मारायचा नाही, हेही तेव्हाच.

डिटेलिंग वर्षातून दोनदा ठरवलं होतं, पावसाआधी आणि पावसानंतर. २०२५ चं पावसाआधीचं वेळापत्रक मी २० मे ते ५ जून असं आखलं, कारण आपला मान्सून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो असं लहानपणापासून डोक्यात. तो २६ मे लाच मुंबईत आला, नोंदी आहेत तेव्हापासून इतका लवकर कधी आला नव्हता. जेमतेम चाळीस गाड्यांना सीलंट आणि खालून गंजरोधक थर लागला होता. ओल्या पत्र्यावर तो थर बसत नाही, उलट ओल आत कोंडते. उरलेल्या गाड्यांचं काम थांबवलं आणि त्याऐवजी आठवड्यातून एकदा खालून धुणं, आतून सुकवणं, पायपुसण्या उन्हात किंवा पंख्याखाली टाकणं, अशी अदलाबदल केली. चौपाटीच्या आणि वरळीच्या बाजूच्या गाड्यांना प्राधान्य दिलं, तिथे खारं वारं पत्रा सोडत नाही. लेखा परीक्षणात त्यावर शेरा आला, ‘मंजूर बाबीऐवजी अन्य बाब का?’ उत्तर दिलं, सोबत हवामान खात्याची घोषणा जोडली. आता वेळापत्रक १ मे पासून असतं.

सगळं सुरळीत आहे असं नाही. धुण्याचा पुरावा आता सहीऐवजी फोटो असतो, पण तळघरातल्या पार्किंगमध्ये फोटोवर जागेची नोंद उमटत नाही, म्हणून तिथे अजून पाटीवर तारीख लिहून फोटो काढावा लागतो. एक जोडी मध्येच सोडून गेली, नवी शिकेपर्यंत पंधरा दिवस गाड्या खराब धुतल्या गेल्या. दंड लावला, पण कलमात आता असं आहे की तो मुलांच्या वेतनातून कापलेला दिसला तर दुप्पट. वेतनाच्या बँक नोंदी देयकासोबत येतात, त्या मी स्वतः तपासते, लेखनिकावर सोडत नाही.

गेल्या वर्षी खंडेनवमी १ ऑक्टोबरला होती. त्या दिवसाचं धुणं करारात नाही, आणि मी ते मुद्दामच घातलेलं नाही. यार्डात सगळे ज्यांना मामा म्हणतात ते आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, पुढच्या वर्षी निवृत्त होणारे, संध्याकाळी पाचलाच चावीपेटीशी आले. ‘आज माझी मी धुणार,’ म्हणाले. टेम्पोवरच्या मुलानं काही न बोलता त्यांच्यासमोर दोन बादल्या ठेवल्या, जाळीसकट, आणि कोऱ्या फडक्यांचा गठ्ठा दिला. मामांनी आधी बादलीच्या तळाच्या जाळीकडे नीट पाहिलं. मग टपापासून सुरुवात करून खालपर्यंत आले, चाकं शेवटी. तासभर लागला. झेंडूचा हार बाजूला स्टुलावर ठेवलेला होता. हात पुसून त्यांनी मळक्या पाण्याची बादली उचलली, सवयीनं दोन पावलं जवळच्या जाळीकडे गेले, थांबले, आणि वळून अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला निळ्या ठिपक्याचं झाकण होतं तिकडे चालू लागले.